बारा पॅनेल आणि टाकीची सावली

मी, नुहाद सलीम अबू शक्रा, वय सत्तेचाळीस, अविवाहित, शूफच्या डोंगरातल्या ऐन सफ्साफ गावात भौतिकशास्त्राची शिक्षिका, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दडपणाखाली न येता, स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहीत आहे. मंगळवारी बैरूतला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. काळजीचं कारण नाही, असं डॉक्टर म्हणतात. परीक्षेआधी मीही मुलांना हेच सांगते.

आम्हा द्रुझ पंथीयांना कायद्याने आपलं सगळं हव्या त्या माणसाला देता येतं. त्यामुळे काम सोपं होईल असं वाटलं होतं. तीन मसुदे फाडून झाले.

१. घराचा तळमजला, जिथे समर नर्स दवाखाना चालवते, तो दवाखान्याकडेच राहावा. वरच्या खोल्या कॅनडातला माझा भाऊ अदीब याला. त्याने त्या विकू नयेत अशी अट घालत नाही. फक्त तशी इच्छा नोंदवते.

२. माते-चहाचं भोपळ्याचं भांडं आणि तो ओढायची चांदीची नळी दवाखान्याला. समर त्यात साखर घालते, हे माहीत असूनही.

३. माझ्या डायरीच्या चौदा वह्या जाळाव्यात. (हे रद्द. कलम चारचा पुरावा त्यांतच आहे.)

४. छत, त्यावरची बारा सौर पॅनेल, बॅटऱ्या आणि तिथून दवाखान्याच्या फ्रिजपर्यंत गेलेली तार माझा चुलतभाऊ वजदी याला. हो, जनरेटरवाला वजदीच. गावाला धूर आणि वीज दोन्ही पुरवणारा.

यामागचं कारण लिहिणं भाग आहे. त्या फ्रिजमध्ये गावातल्या नऊ जणांचं इन्सुलिन असतं. पॅनेल बसवल्यावर पहिल्या दोन्ही हिवाळ्यांत दुपारी फ्रिज बंद पडू लागला. माझी तार वजदीच्या जनरेटरच्या पेटीतून दवाखान्यात उतरते, आणि पेटीची किल्ली त्याच्याकडे. मी मनाशी ठरवून टाकलं की गिऱ्हाईक गेलं म्हणून हा माझी तार काढतो. तशी लेखी तक्रार केली. नगरपालिकेत सगळ्यांसमोर त्याला उभं राहावं लागलं. तो एवढंच म्हणाला, "मास्तरीणबाई, मी चोर असेन, पण आजारी माणसांचा नाही." काकू, म्हणजे वजदीची आई, गेली तेव्हा सांत्वनाला गेले आणि त्याच्या तोंडाकडे न बघता हात मिळवून परतले. याची मला आजही लाज वाटते.

गेल्या जानेवारीत कपडे वाळत घालायला दुपारी वर गेले. अडीच वाजले होते. माझ्याच पाण्याच्या टाकीची सावली शेवटच्या पॅनेलवर पडली होती. सगळी पॅनेल एका माळेत जोडलेली. एक झाकलं की अख्खी माळ मंदावते. हे मी आठवीला एकवीस वर्षं शिकवते आहे. डायरी काढून पाहिली. फ्रिज बंद पडल्याच्या सगळ्या नोंदी हिवाळ्यातल्या, दोन ते चार या वेळातल्या.

तरी अकरा महिने गप्प राहिले. टाकी एकटीला हलेना, आणि कुणाला बोलावलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. तेव्हापासून हिवाळी दुपारी घरातलं सगळं बंद करून बॅटरी फक्त फ्रिजला देते आणि कोट घालून बसते. मी गेल्यावर हे कोण करणार? चूक माझी होती, वजदीची नव्हती. हे आत्ता लिहिण्याला प्रामाणिकपणा म्हणावं की शस्त्रक्रियेची भीती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

५. माझ्या मृत्यूनंतर टाकी छताच्या उत्तर कोपऱ्यात हलवावी.

६. घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या दुहेरी मीटरच्या अर्जाची फाइलही वजदीला. शेजाऱ्याला वीज देण्याचा कायदा झाला, नियम व्हायचे आहेत. साहेबांशी भांडायला माझ्यापेक्षा त्याचा आवाज मोठा आहे.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी:

साक्षीदारांसमोर वाचून दाखवायला वजदीलाही बोलावलं होतं. चौथं आणि पाचवं कलम ऐकून त्याने माते-चहाचं भांडं खाली ठेवलं.

"म्हणजे इन्सुलिन वाचवायचं, तर आधी तू मरायला हवंस?"

"तसं नाही रे—"

"पाचव्या कलमात तसंच लिहिलंयस. समर, अगं, जरा पाण्याचा नळ सोड. टाकी रिकामी करू."

"वजदी, माझ्यावर रागाव तरी!"

"रागावेन ना. आठवीच्या पोरांसमोर रागावेन. आधी टाकी धर. नको, तू नको धरूस, तुझी झडप. तू नुसती शिकव. तेच येतं तुला."

समर हसता हसता बादली घेऊन धावली. हेडमास्तर सुबही घनम यांनी कोट काढला. तिघांनी मिळून टाकी उत्तरेला नेली. अडीच वाजता बाराही पॅनेलवर ऊन होतं. मी घरातला हीटर लावला. फ्रिज चालूच राहिला.

सबब कलम पाच रद्द. बाकी सर्व कायम. वजदी वारस असल्याने त्याला साक्षीदार होता येत नाही. त्याने तरी सही केली होती, ती खोडली आहे. मंगळवारी मला बैरूतला तोच नेणार आहे. परत आणणारही तोच, असं त्याने साक्षीदारांसमोर बजावलं आहे.

ठिकाण: ऐन सफ्साफ
दिनांक: ६ डिसेंबर २०२५

सही: नुहाद सलीम अबू शक्रा

साक्षीदार:
१. सुबही घनम, हेडमास्तर
२. समर अल-आवार, नर्स

(दोन्ही सह्यांची शाई पसरली आहे. हात ओले होते.)