उलटलेली अंडी

४ मे
घातली! कानेलाने अखेर अंडी घातली — दोन! दोन वर्षं या पाळलेल्या पालीला, माझ्या गेकोबाईला, रातकिडे भरवतोय, आज कुठे प्रसन्न झाली. थर्माकोलच्या खोक्यात ओलसर भुशावर ठेवली, प्रत्येकावर वरच्या बाजूला पेन्सिलीचा ठिपका. ठिपका वरच राहायला हवा. गेकोचं अंडं उलटलं की आतला जीव जातो.
नेलिदा म्हणाली, "आपल्या लग्नात एवढा खूश नव्हतास!" काहीतरीच!

६ मे
सासूबाई गावाहून आमच्याकडे पुएब्ला शहरात आल्या, महिनाभरासाठी. चाळीस कोंबड्या शेजारणीवर टाकून. "जावईबापू, पाली पाळता? आम्ही त्यांना केरसुणीने हाकलतो!" कानेला असते त्या माझ्या खोलीत पाऊल टाकायला तयार नाहीत.

१३ मे
अंड्यांमागे टॉर्च धरला — लाल शिरा! दोन्हींत! सासूबाईंना दारातूनच दाखवलं. "अगं बाई, खरंच जीव आहे की," म्हणाल्या आणि बघतच राहिल्या.

२३ मे
दहा दिवसांनी झाकण काढलं. दोन्ही ठिपके खाली!
सासूबाई टॉर्टिया भाजत होत्या. सरळ म्हणाल्या, "मीच उलटते. त्या दिवशी जीव दिसला ना, तेव्हापासून. तुम्ही शाळेत शिकवायला गेलात की लगेच. ती आई तर ढुंकून बघत नाही! आमची कोंबडी दिवसातून दहादा अंडी फिरवते. कुणीतरी करायला नको?"
"मारलीत तुम्ही त्यांना!" मी ओरडलो. दोनदा. तव्यावरची टॉर्टिया करपली.

२४ मे
सासूबाई पहिल्या बसने गावी गेल्या. नेलिदा बोलत नाही. बरोबरच आहे तिचं.

३ जून
एक अंडं चेपलं, बुरशी धरली. टाकलं. दुसरं टाकायला हात धजेना. राहू दे.

११ जून
नेलिदा बोलली! "मीठ दे."

२५ जून
फुटलं! पिल्लू बोटाएवढं, पट्टेदार, माझ्याकडेच डोळे वटारून बघतंय! नेलिदाला उठवायच्या आधी सासूबाईंना फोन लावला. "चुकलो मी. फार वाईट बोललो," म्हटलं. रडूच आलं मला. पलीकडे कोंबड्यांचा कलकलाट, त्यातून त्यांचा आवाज — "आई बघते का त्याच्याकडे?"
"नाही."
"वाटलंच. येते मी. पण या वेळी एक कोंबडी घेऊन येणार."
बाल्कनी रिकामी करायला घेतली आहे.