तांदळाच्या डब्यातलं ब्रेसलेट

अहो,

आईंचं माणिक-पाचू-हिऱ्यांचं सोन्याचं ब्रेसलेट सापडलं. सकाळी भाताला तांदूळ काढताना हाताला लागलं. वरमहालक्ष्मीच्या कलशाला ते तुम्हीच घातलं होतंत. पूजा उतरवताना सोवळं मोडेल म्हणून मला लांब उभं केलंत आणि कलशाखालच्या ताटातले तांदूळ स्वतः डब्यात ओतलेत. सोवळं राहिलं, नजर कुठं होती कोण जाणे.

आणि चोर ठरली कावेरी. नऊ वर्षं आपल्या घरात राहून राबलेली बाई. तिची ट्रंक अंगणात आणून शेजारच्या त्रिविक्रमरावांसमोर उपसलीत. निघाली दोन लुगडी आणि मेलेल्या नवऱ्याचा फोटो. तरी तिला हाकललंतच.

मी आनेकलच्या बसनं तिच्याकडे जाते आहे, माफी मागायला. तुम्हाला ते जमायचं नाही, एवढं तरी ओळखते तुम्हाला.

सार केलंय, भात नाही. ब्रेसलेट मी डब्याच्या तळाशी परत ढकललंय. त्रिविक्रमरावांना बघायला बोलवा, आणि ज्या हातांनी तिची ट्रंक उपसलीत त्याच हातांनी तांदूळ उपसा.

पद्मावती