पावणेबाराला सिग्नल जातो

११ मार्च, मंगळवार
पावणेबाराला टीव्ही गेला. मराठी बातम्या ऐन रंगात, आणि पडद्यावर ‘सिग्नल नाही’. हे ताडकन उठले. ‘इथे चेन्नईत, आवडी गावच्या फॅक्टरीत तीस वर्षं रणगाडे जोडले, ही ताटली काय चीज!’ — आणि चढले गच्चीवर.
मी घरात एकटी! रिटायर झाल्यापासून हे भाजीलासुद्धा बरोबर येतात. लगेच उन्मेषला फोन लावला. त्याने तमिळ मुलीशी, हरिणीशी, लग्न केलं म्हणून हे दोन वर्षं पोराशी बोलत नाहीत. मी चोरून बोलते. आज चार मिनिटं मिळाली.

१२ मार्च
परत पावणेबारा, परत गच्ची. उन्मेष म्हणाला, ‘आई, डिशला काही झालेलं नाही. या दिवसांत सूर्य रोज थोडा वेळ उपग्रहाच्या बरोबर मागे येतो, म्हणून सिग्नल बुडतो. आठवड्याभरात आपोआप थांबेल. बाबांना उन्हात पाठवू नकोस.’
सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

१३ मार्च
टोपी दिली. आल्यावर ताक दिलं. ताकाने पाप फिटत नाही, माहीत आहे.

१४ मार्च
नऊ मिनिटं! हरिणी फोनवर आली. ‘अत्तै, साप्टींगळा?’ जेवलात का, एवढंच विचारते पोर, आणि मला रडू येतं. सातवा लागलाय. तेवीसला, रविवारी, तिच्या माहेरी वळैकाप्पू — आपलं डोहाळजेवणच, वर बांगड्या भरायच्या. ‘मामा येतील ना?’ म्हणाली. सासूला अत्तै, सासऱ्याला मामा म्हणतात त्यांच्यात. काय सांगू? हिचे मामा हिचं नावही घेत नाहीत. ‘ती’ म्हणतात.

१६ मार्च
घामाघूम होऊन उतरले. ‘नट सैल होता,’ म्हणाले. मानेची कातडी लाल झालीय. खोबरेल लावताना वाटलं, सांगून टाकावं. इतका भोळा माणूस, आणि मी त्याला उन्हात उभा करते.

१८ मार्च
आज जेमतेम दोन मिनिटं. सूर्य सरकला. रविवारचं ह्यांना विचारायला जीभ रेटत नाही. एकटी जाऊ? ह्यांना घरी ठेवून सुनेची ओटी भरू?

२० मार्च
चित्र क्षणभरही गेलं नाही. तरी पावणेबाराला हे उठले, टोपी घातली.
‘अहो, टीव्ही चालू आहे.’
‘रोजच होतो आपोआप चालू. मी डिशला बोटही लावलेलं नाही,’ दारातून म्हणाले. ‘तू सावकाश बोल. रविवारचं वर गच्चीत ऐकलंय मी. हरिणीला सांग, आम्ही दोघं येतोय.’