सरांच्या मशीनवरची विंडो

३ फेब्रुवारी

पतसंस्थेची नोकरी हातची गेली! चाचणी राजकुमार सरांच्या टायपिंग क्लासातच होती. सरांनीच शिकवलंय – मान कागदाकडे, स्क्रीनकडे बघायचं नाही. तशीच टाइप करत होते. मधेच सरांच्या सॉफ्टवेअरची चौकट वर आली – ‘आज राजकुमार सरांचा वाढदिवस!’ – आणि माझी पुढची सगळी अक्षरं तिच्यात गेली. मान वर केली तेव्हा वेळ संपली होती.

चौकटीचं सांगितलं, तर सर पतसंस्थेच्या अध्यक्षांसमोर म्हणाले, “मले शिकवून राह्यली का, जयमाला? तुहाच हात चुकला.” सगळे हसले.

४ फेब्रुवारी

रडले नाही. सोडणार नाही त्यांना!

९ फेब्रुवारी

जमलं! बाहेरच्या प्रोग्रामची विंडो जबरदस्तीने पुढे आणायला गेलं की विंडोज अडवतं – खाली आयकॉन नुसता लुकलुकतो. म्हणून माझी विंडो सरांच्याच सॉफ्टवेअरमध्ये घुसवली. त्यांचे कॉम्प्युटर मीच दुरुस्त करते, कोण विचारणार? दिसणारही नाही इतकी बारीक. टायपिंग सुरू झालं की मिनिटभरात कीबोर्ड तिच्या ताब्यात. फक्त सरांच्या मशीनवर.

रविवारी पतसंस्थेतल्याच दुसऱ्या जागेची चाचणी. त्याआधी सर अध्यक्षांना स्क्रीनकडे न बघता टाइप करून दाखवतात. दाखवा म्हणावं!

१० फेब्रुवारी

क्लासातली माझी मैत्रीण शबाना सरावाला आली. उद्या ती बसतेय. नोकरी लागली तर लग्न दोन वर्षं पुढे ढकलायला तिचे अब्बा तयार आहेत, नाहीतर ईदनंतर निकाह. पोरगी घाबरलीय.

“जयू, मधेमधे स्क्रीनकडे पाहू का वं? तुह्यासारखं झालं त?”

“अजिबात नाही. वेग पडतो. मान कागदाकडेच ठेव.”

११ फेब्रुवारी, सकाळ

मागच्या बाकावर बसणार. सरांचं तोंड नीट दिसायला हवं!

११ फेब्रुवारी, दुपार

सरांनी टाइप करून दाखवलंच नाही. सगळे बसले आणि शबानाचा कीबोर्ड बंद पडला. सर स्वतःच्या खुर्चीवरून उठले. “बेटी, माह्या मशीनवर बस. माहं दाखवणं राहू दे.”

तिने माझ्याकडे बघून मान हलवली आणि कागदात डोळे घातले.

ओरडायला हवं होतं. ओरडले असते तर विंडो कोणी टाकली तेही सांगावं लागलं असतं.

१२ फेब्रुवारी

सरांच्या मशीनवरून माझी विंडो काढली. आत शबानाचा उतारा होता, शेवटच्या ओळीपर्यंत. एकही चूक नाही.