खंडेनवमीला पुजलेल्या दोन डिस्क

चि. चंद्रकांत यास,

जे. पी. नगरहून संताजीचे भरघोस आशीर्वाद. तुझी पाठदुखी बरी असेल; नसली तरी बरी आहे असंच कळव, कारण पुढचं वाचायला ताठ बसावं लागेल. माझी तब्येत उत्तम (साखर सोडून).

तुझी अक्का, माझी कस्तुराबाई, गेल्याला अजून वर्ष नाही, त्यामुळे यंदा घरात सण नव्हता. पण खंडेनवमीला शिलाई मशीन, विळी आणि तू जोडून दिलेला कॉम्प्युटर यांना हळदकुंकू लावल्याशिवाय कस्तुराबाईनं कधी चहा घेतला नाही, हे तुला ठाऊक आहे. म्हटलं, आपण गुपचूप करू. कॉम्प्युटरचा डबा उघडला, धूळ पुसली, आणि कुंकू स्वल्प पातळ झालं (स्वल्प म्हणजे चांगला ओघळ). तो नेमका लिनक्स (ज्याच्यावर कॉम्प्युटर चालतो ते) असलेल्या लहान डिस्कमध्ये गेला. ती मेली.

कस्तुराबाईचं सगळं रेकॉर्डिंग मोठ्या दोन डिस्कवर. आजारपणात पडल्या पडल्या सांगितलेल्या माहेरच्या आठवणी, मला घातलेल्या शिव्या, सगळं दोन्हींवर सारखंच. एक गेली तरी दुसरी राहावी म्हणून तूच ती जोडी लावलेली. मी पेनड्राइव्हवरून नवं लिनक्स चालू केलं आणि डिस्कचे भाग पाडायचा प्रोग्रॅम उघडला. जोडी कुठंच नाही! दोन सुट्या डिस्क, दोन्हींपुढे 'अनोळखी'. अरे, चाळीस वर्षांचा संसार आणि अनोळखी? डोकंच फिरलं माझं. वर तो विचारतो, विभागणीचा तक्ता नाही, नवा करू का? सरकारी नोकरीत जन्म गेला माझा. तक्ता नाही म्हटलं की तक्ता करायचा, एवढंच आम्हाला येतं. मी होय म्हटलं. आतलं पुसलं जाईल असा इशारा होता, पण घरात इशारे वाचायचं काम कस्तुराबाईचं. दुसऱ्या डिस्ककडे वळणार तोच करंट गेला. देवीच पावली म्हणायची.

शेजारची दिव्यश्री एचएसआर लेआउट भागातल्या एका कंपनीत कॉम्प्युटरचंच काम करते. ती आली आणि कपाळाला हात लावून बसली. म्हणाली, अंकल, त्या प्रोग्रॅमला जोडी आपोआप दिसत नाही. आधी टर्मिनलमध्ये एक आज्ञा देऊन जोडी उभी करायची, मगच तो उघडायचा. एक ओळ, चंदू! एवढी एक ओळ मला कुणी सांगू नये? (तू कागदावर लिहून डब्याला चिकटवली होतीस म्हणे. धुळीबरोबर तो कागदही मीच काढला.) असो. एकंदरीत काळजीचं कारण नाही.

तुझा दाजी,
संताजी

ता. क. दिव्यश्री म्हणते, आता काही चालू करू नका, जाणत्या माणसाला बोलवा. जाणता म्हणजे तू. रविवारी ये.

ता. क. २. करंट गेला नव्हता. दुसऱ्या डिस्कलाही मी होय म्हटलं. तिचा आवाज कदाचित अजून आत असेल, कदाचित नसेल, दिव्यश्रीलाही सांगता येईना. मला फार भीती वाटते रे. तुझ्या फोनवर अक्काचा एखादा बोललेला मेसेज असेल. कसलाही चालेल, 'औषध घेतलंस का' एवढाही. तो पुसू नकोस. आजच पाठव.