वसुलीच्या घरचं पाणी

अण्णा, परवा माझं शेवटचं कर्ज फिटलं. बँकेचं पत्र मोबाइलवरच आलं होतं, पण तुमचा विश्वास कागदावर, म्हणून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून ते छापून आणलं आणि तुमच्या पत्र्याच्या पेटीत ठेवलं. कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं, आणि ज्याला सांगायचं त्या माणसाला जाऊन नऊ वर्षं झाली. तुमचा थोडा रागही आला. अजून थोडं थांबला असतात तर काय बिघडलं असतं? पण थांबायचं तुम्ही आणि उशीर करायचा मी, असंच आपलं आयुष्यभर चाललं.

तुमची सगळी नोकरी चिकपेटेतल्या साड्यांच्या होलसेल दुकानात झाली. माल उधारीवर जायचा आणि दर मंगळवारी तुम्ही वसुलीला निघायचात. मी पाचवीत असताना सुट्टीत हट्ट करून एकदा तुमच्याबरोबर आले होते. एका गिऱ्हाइकाचं दुकान बंद दिसलं म्हणून आपण त्याच्या घरी गेलो. दोन खोल्या, दारात रांगोळी, आणि आत पाऊल टाकताच कॉफीचा वास. त्याची बायको म्हणाली, "बसा अण्णा, स्वल्प कॉफी घ्या." मी सरसावून बसले, आणि तुम्ही म्हणालात, "कॉफी नको अक्का, पाणी चालेल." तो माणूस फरशीकडं बघत, सण झाला की देतो म्हणाला. तुम्ही वहीत तारीख लिहिलीत, तांब्यातलं पाणी सावकाश संपवलंत, "सरी, ठीक आहे" म्हणालात आणि उठलात. रस्त्यावर मी गाल फुगवून चालतेय आणि तुम्ही सांगताय, "वसुलीच्या घरी कॉफी घ्यायची नाही, बाळ. ज्याच्यावर देणं आहे त्याच्या घरातलं दूध त्याच्या पोरांचं. आपण पाण्यावर उठायचं." मग पेटेतल्या एका हॉटेलात उभ्या उभ्या आपण बाय-टू घेतली, एक कॉफी दोघांत. माझ्या ग्लासात तुम्ही जास्त ओतलीत, आणि आईला सांगू नको म्हणालात. मी त्याच संध्याकाळी सांगितलं, आणि तुम्ही बोलणी खाल्लीत.

मला इंदिरानगरच्या ऑफिसात नोकरी लागली तेव्हा माझा पहिला पगार तुमच्या शेवटच्या पगाराहून जास्त होता, आणि तेवढ्यानं मी शेफारले. लग्नानंतर हेब्बाळला फ्लॅट घेतला, तोही स्वयंपाकघरातून तळं दिसतं म्हणून जास्त पैसे मोजून. गाडी घेतली. मग सोफा, परदेशातली सुट्टी, सगळं कार्डावर. कार्डाच्या बिलात एक किमान रक्कम छापलेली असते. तेवढी भरली की आपला व्यवहार चोख आहे असं मला अगदी मनापासून वाटायचं. तुमच्या दुकानात कुणी असं चालवलं असतं तर तुम्ही तिसऱ्या महिन्यात त्याचा माल बंद केला असतात. मला बँका आणखी कार्डं पाठवत राहिल्या. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे तुमचं पालुपद होतं, आणि मी मेली अंथरूणसुद्धा हप्त्यावर आणत होते.

कार्डाच्या अर्जावर ओळखीतला नंबर म्हणून मी तुमचा दिला होता. पैसे थकले तसा वसुलीवाल्याचा फोन तुम्हाला आला. जन्मभर वसुली केलेल्या माणसाला, त्याच्याच मुलीबद्दल. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही दोन बस बदलून माझ्या दारात उभे राहिलात. आता शिव्या खायच्या म्हणून मी मान खाली घालून बसले होते. तुम्ही एवढंच म्हणालात, "तो माणूस फार वाईट बोलला गं. आम्ही असं कुणाला बोललो नाही." आणि मग, "किती आहे ते नीट सांग." मी एका कार्डाचा आकडा सांगितला. आणखी दोन कार्डं होती, एक पर्सनल लोन होतं. त्यांचं नावही काढलं नाही. लाज वाटली, आणि बाकीचं आपण निभावून नेऊ अशी घमेंडही होती. तुम्ही ग्रॅच्युइटीची एफडी मोडलीत. पैसे भरून झाल्यावर आपण खालच्या दर्शिनी हॉटेलात बाय-टू घेतली, आणि या वयातही तुम्ही माझ्याच ग्लासात जास्त ओतलीत.

चार महिन्यांनी, एका रविवारी, तुम्ही परत आलात. मी फिल्टर लावला होता, डिकॉक्शन उतरत होतं, दूध गॅसवर होतं. तुम्ही विचारताय, "सगळं मिटलं ना आता? कुणाचं काही नाही ना?" मी खिडकीतून तळ्याकडं बघत म्हणतेय, "सगळं मिटलं, अण्णा." तुम्ही एकदा फिल्टरकडं बघितलंत. मग म्हणालात, "कॉफी राहू दे. पाणी दे." तांब्यातलं पाणी सावकाश प्यालात, "सरी" म्हणालात आणि चपला घातल्यात. लिफ्टपाशी माझ्या डोक्यावर हात ठेवलात. दोन महिन्यांत तुम्ही गेलात.

तेराव्यानंतर मी आईला सहज विचारल्यासारखं विचारलं, डॉक्टरांनी त्यांची कॉफी बंद केली होती का? आई म्हणाली, "कुणी सांगितलं तुला? गेले त्या सकाळीसुद्धा दोनदा मागून घेतली." मी आत जाऊन नळ सोडला आणि रडले. त्याच आठवड्यात तुमच्या वहीसारखी वही आणली आणि कुणाचं किती, व्याज किती, तारीख कोणती, सगळं मांडलं. नवऱ्यापासूनही हे लपवलं होतं, त्याला वही दाखवली. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच गाडी विकून आला. तळं दिसणारा फ्लॅटही गेला. आता आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो आणि खिडकीतून समोरच्यांचं वाळत घातलेलं धुणं दिसतं. सगळ्यात जास्त व्याजाचं कार्ड आधी संपवलं, मग त्याच्या खालचं. बँकेचा फोन आला की उचलायचा, तारीख सांगायची आणि ती पाळायची, हे मी तुमच्या त्या फरशीकडं बघणाऱ्या गिऱ्हाइकाकडून शिकले. त्यानं सण झाल्यावर खरंच पैसे आणून दिले होते, तुम्हीच सांगितलं होतंत. आता पगार झाला की आधी थोडे पोस्टात टाकते, आजारपण आलं तर कार्डाकडं हात जाऊ नये म्हणून. तुमच्या एफडीएवढे पैसे मात्र अजून साठले नाहीत. साठले की आईच्या नावावर ठेवणार आहे. ती नको म्हणेल, तरी ठेवणार आहे.

हे पत्र धाडायला काही पत्ता नाही. बँकेच्या त्या कागदाखाली पेटीत ठेवून देईन. पण एक गोष्ट लिहायची टाळत इथपर्यंत आले. आईला मी कॉफीचं विचारलं, पण विचारायची गरज नव्हती. तुम्ही पाणी मागितलंत तेव्हाच मला पाचवीतलं ते घर आठवलं होतं, आणि माझ्यावर अजून देणं आहे हे तुम्हाला कळलंय, हे मला कळलं होतं. तुम्ही तो तांब्या किती हळू संपवलात, अण्णा. मी बोलावं म्हणून तुम्ही थांबला होतात. मी दुधाखालचा गॅस बंद केला, आणि तुम्ही आणखी काही विचारलं नाहीत म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं.