वरच्या बाईंचं मशीन

प्रिय बाळी,

दर फोनला तू विचारतेस, ‘बाबा, मशीन घेतलंत का?’ आणि दर वेळी मी ‘बघतोय, बघतोय’ म्हणून विषय बदलतो. आज सविस्तर लिहायला बसलोय. फोनवर तू मला मधेच तोडतेस, आणि हे मधेच तोडण्यासारखं नाही.

दुकान भागीदाराच्या हवाली केल्यापासून मला घरी ताजा पास्ता करायचं खूळ लागलंय, हे तुला ठाऊक आहेच. पीठ आणि अंडी मळायला जमतात, घोडं लाटण्यापाशी अडतं. जन्मभर किल्ल्या घासून मनगट कामातून गेलंय. माझा पास्ता चपलेच्या तळव्याइतका जाड व्हायचा आणि चावतानाही तसाच लागायचा. तू म्हणालीस, विजेवरचं घ्या, मीच पाठवते. मी नको म्हटलं. ज्याने आयुष्यभर लोकांची कुलपं उघडली, तो माणूस आत न डोकावता मशीन घेईल होय?

म्हणून स्वतः दुकानात गेलो. विक्रेत्याने विजेवरचं पुढे सरकवलं. वरून पीठ टाकायचं, अंडं ओतायचं, बटण दाबायचं; मळणार तेच आणि पुढच्या जाळीतून नळ्या म्हणा, पट्ट्या म्हणा, बाहेर सोडणारही तेच. तो इतकं गोड बोलत होता की मी सावध झालो. दाखवायला ठेवलेल्या मशीनची जाळी काढायला लावली. भोकाभोकांत वाळलेलं पीठ दगडासारखं बसलेलं. ‘हे कसं काढायचं?’ म्हटलं. ‘काडीने, काका.’ एकेक भोक? तो नुसता हसला. मग हँडलचं बघितलं. दोन गुळगुळीत रूळ, जाडी कमी-जास्त करायची चकती, टेबलाच्या कडेला आवळायचा स्क्रू. पण आतली दातेरी चाकं लोखंडाची की प्लास्टिकची, हे काही त्याला सांगता येईना. दोन्ही मशीनं तिथेच ठेवून मी घरी आलो.

जिन्यात वरच्या बाई भेटल्या. त्याच, नाटकांचे कपडे शिवायच्या त्या. मी कुठून येतोय ते ऐकून म्हणाल्या, ‘विकत घेण्याआधी माझं वापरून बघा की.’ आणि संध्याकाळी मशीन घेऊन दारात हजर. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. इतकी वर्षं ‘बरंय ना?’च्या पुढे न सरकलेली बाई एकाएकी एवढं जड धूड उचलून माझ्या स्वयंपाकघरात कशाला येईल? कोपऱ्यावरच्या न्हाव्याने तर माझी दाढी करता करता निकालच दिला, ‘एकट्या म्हाताऱ्याच्या घरात कुणी उगाच शिरत नसतं. पाणी कुठेतरी मुरतंय.’ वस्तरा गळ्यावर होता, त्यामुळे मी मान हलवली नाही, पण पटलं.

मी लक्ष ठेवू लागलो. मी हँडल फिरवायचो, त्या एका बाजूने पीठ सोडायच्या आणि दुसऱ्या बाजूने येणारी पट्टी उपड्या हातांवर अशी अलगद झेलायच्या, जणू रेशमाचा तागाच. काम सुरेख होतं, त्यात खोट नाही. पण मधेच विचारायच्या, दुपारी काय खाल्लंत? चक्कर वगैरे येते का? लोणी काढायला फ्रिज उघडला की तो जरा जास्तच वेळ उघडा राहायचा. एकदा टेबल पुसायच्या निमित्ताने माझ्या गोळ्यांची डबी हलवून बघितली. आणि नेमकं त्याच सुमारास तू फोनवर विचारलंस, ‘गुडघा कसा आहे?’ जिन्यात पाय घसरल्याचं मी तुला सांगितलंच नव्हतं.

कुलपाला परका हात लागला की मला कळतं, बाळी. मी सापळा लावला. त्यांना सहज बोलल्यासारखं सांगितलं, ‘रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्यात मी, उगाच पोट बिघडतं.’ चक्क खोटं. दुसऱ्या दिवशी सकाळीच तुझा फोन आला आणि तू मला गोळ्यांवरून फैलावर घेतलंस. चोर सापडल्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. माझ्याच लेकीने माझ्यावर पहारा बसवलाय, हे गिळायला जड गेलं.

संध्याकाळी त्या आल्या तेव्हा मी हँडल हातातही घेतलं नाही. सरळ विचारलं, ‘माझ्या लेकीने तुम्हाला माझ्यावर नजर ठेवायला सांगितलंय का?’ त्या गडबडल्या नाहीत. हाताचं पीठ झटकत म्हणाल्या, ‘हो. ती लांब आहे, काळजी करते. मी हो म्हटलं. गोळ्या बंद केल्याचं ऐकून माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. तिला नाही सांगणार तर कुणाला सांगू? माझं ऐकता तुम्ही?’ दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. ‘पण कुलूपवाले, एक ध्यानात ठेवा. चौकशी जिन्यातही करता आली असती. मशीन मी माझ्या मनाने आणलं.’

पुढचे काही दिवस मी घुम्यासारखा बसून होतो. मग तिरीमिरीत पुन्हा दुकान गाठलं. म्हटलं, विजेवरचं घेऊन टाकू, कुणाचे उपकार नकोत. विक्रेता खोक्याला दोरी बांधत म्हणाला, ‘घ्या काका, एकट्या माणसाला अगदी सोयीचं.’ तो काही वाईट बोलला नाही. पण मला ते खोकं उचलवेना. ‘राहू दे’ म्हटलं आणि निघालो.

घरी त्यांचं मशीन टेबलाला आवळलेलं तसंच होतं. फिरवलं की खरखरायचं, ते आधीपासून माझ्या कानात होतं. उघडलं. चाकं लोखंडी, पण एक खीळ वाकलेली. ती सरळ केली, कोरड्या ब्रशने पीठ झाडलं आणि मशीन घेऊन वर गेलो. दार उघडताच बाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही, आधी मशीनकडे! ‘पाण्याने धुतलं नाहीत ना?’ म्हणजे संशय काही एकट्या माझ्याच पदरी नाही. मी म्हटलं, ‘गोळ्या बंद केलेल्या नाहीत. तुम्हाला पकडायला बोललो होतो.’ माझ्या हातातलं मशीन काढून घेत त्या म्हणाल्या, ‘तुम्ही महा खडूस आहात. आत या.’

त्यानंतर रोज संध्याकाळी आम्ही एकत्रच पास्ता लाटला. तर आता सांगतो. परवा आम्ही दोघांनी जाऊन नवं मशीन घेतलं. हँडलचंच, रुंद रुळांचं. चाकं मी तिथेच उघडून बघितली, विक्रेत्याने कपाळाला हात लावला. ते आपल्या घरात राहील, कारण पुढच्या महिन्यात त्या खाली राहायला येताहेत. आम्ही लग्न करतोय. कचेरीत जाऊन सह्या करायच्या, एवढंच; एक साक्षीदार तोच न्हावी, आणि त्याला आता तोंड वर करून बघवत नाही. तुझ्या आईची जागा वगैरे मोठं काही बोलणार नाही. तिच्याशिवाय घरात किती शांत असतं, हे तुला फोनवर कधी ऐकू आलं नसेल, आणि मी ते ऐकू येऊ दिलं नाही. तू यावंस, असं फार वाटतं. ही बातमी तरी तुला माझ्याकडूनच आधी कळावी म्हणून हे पत्र. त्यांना मी गप्प राहण्याची शपथ घातलीये आणि बिचारीचं पोट फुगलंय. पत्र वाचून राग आला, रडू आलं, काहीही झालं, तरी फोन कर. फक्त या वेळी तो मला कर.

पहाऱ्यात असलेला तुझाच,
बाबा